वजनकाट्यावरून

सकाळी साडेसहाला, पहिला कॉड पट्ट्यावर यायच्या आधीच
वाद पेटलेला असतो.
शनिवारी तोर्शाव्हनला सामना,
गोलात उभं कोण राहणार?

आमचा देश एवढासा, की दोन्ही गोली
आम्हाला कडेवर असल्यापासून ठाऊक.
ट्रोंडुरनं माझ्या घरची वायरिंग केली,
जिन्यातला दिवा अजून लुकलुकतो, ते सोडा.
एयुन विशीत डेन्मार्कला गेला
आणि तिथल्या बाकावर बसून बसून
उच्चार तेवढे बदलून आला.

यालग्रीम म्हणतो, "ट्रोंडुर! चौतिशीचा माणूस,
वाऱ्याला नावानं ओळखतो.
कोपऱ्यावरून चेंडू सुटला की कुठं वळणार
ते त्याला खाडीच्या पाण्याकडे बघून कळतं."
सुन्वा सुरी पुसते. "कळतं ना?
मग गेल्या खेपेला तीन कुणी खाल्ले? खाडीनं?"
पट्टा सुरू होतो. डोकी इकडे, काटे तिकडे,
वाद मात्र सलग.
"एयुनचे पंजे बघा, फावडी आहेत फावडी."
"आणि पाय? पायाशी चेंडू आला की
बर्फावरचं कोकरू."
"माझ्या बापानं एका हातानं पेनल्टी अडवली होती."
"दुसऱ्या हातात पाइप होता त्याच्या."
बर्फाचं खोरं ओढता ओढता बॉरुर,
जो नाताळातच काय तो बोलतो,
"दोघांना अर्धा अर्धा द्या" म्हणतो
आणि एकमतानं मूर्ख ठरतो.

माझ्यासमोर नऊ नंबरच्या टेबलाला मार्युन.
ट्रोंडुरची आई.
तिच्यासाठी कुणी आवाज खाली आणत नाही.
आणायचाच म्हटला तर या बेटावर बोलणंच बंद होईल,
इथं जी ती कुणाची तरी आई.
ती कापते. शेपटीकडून, एका दमात.
तिच्या काट्याला मांसाचा कण राहत नाही,
अकरा वर्षं तोलतोय, मला माहीत आहे.

मला आधी हात दिसतात माणसांचे, तोंडं नंतर.
म्हणून रविवारी तिच्या अंगणावरून जाताना
दिसलं ते दिसलं:
ट्रोंडुर दोरीवरची चादर काढत होता,
उजव्या हातानं. डावा खिशात.
चिमटा दातांत धरून
चादर मानेनं ओढत होता,
आणि मार्युन खिडकीत,
मुलाचं पत्र चुकून उघडलं जावं तशी.
मग तिनं मला पाहिलं.
आम्ही दोघांनी हात वर केला, नेहमीसारखा.

"मार्युन, तूच सांग एकदाचं," यालग्रीम म्हणतो.
सुऱ्या थांबतात. मासे पुढे सरकत राहतात.
"तीन वर्षांचा होता," ती म्हणते,
"दारात उभा केला, मेंढ्या आत सोडू नकोस म्हणून.
दोन मेंढ्या त्याच्या पायांमधून घरात."
काय हसलो आम्ही.
सुन्वाला तर टेबल धरावं लागलं.
"म्हणजे आईसुद्धा एयुनकडची!"
"तसं मी म्हटलं नाही."
आणि तिनं पुढचा मासा ओढला.

तेवढ्यात कुणीतरी मला विचारलं.
मला कधीच कुणी विचारत नाही,
मी ट्रोंडुरचा, हे जगजाहीर;
त्याच्या पहिल्या सामन्याचं तिकीट
अजून माझ्या वजनाच्या वहीत आहे.
मी म्हटलं, "एयुन."

मग जे व्हायचं ते झालं.
यालग्रीमनं हातमोजा फेकला,
कुणी मला डॅनिश म्हटलं, कुणी म्हातारा.
मी आकडे लिहीत राहिलो.
नऊ नंबरचा ट्रे आला, दोन किलो चारशे,
आणि एका काट्यावर
बोटभर मांस तसंच.

सुट्टीत मार्युननं सगळ्यांना कॉफी ओतली.
माझा कप तिनं काठोकाठ भरला,
इतका, की सांडल्याशिवाय उचलता येईना.
राग होता की दुसरं काही,
तिचं तोंड बघून कळलं असतं कदाचित.
मी तिचे हात बघत होतो.